आगोटीच्या आधी, पाड्याने मिळून ठरवा
(साखरशेत आणि परिसरातील ग्रामस्थांना जाहीर आवाहन)



घरात वायफाय घ्यायचं का, ही चर्चा आता आपल्याकडेही बऱ्याच ओट्यांवर चालते. कारणं सगळ्यांना माहीत आहेत. रेशनची ई-केवायसी, लाडक्या बहिणीची ई-केवायसी, मुलांच्या शिष्यवृत्तीचे महाडीबीटीवरचे अर्ज, रोजगार हमीच्या कामावर मोबाइलवरून लागणारी हजेरी, अंगणवाडीताईंचा पोषण ट्रॅकर. या सगळ्याला रेंज लागते, आणि रेंज पकडायला अजूनही कित्येक पाड्यांवर माणूस टेकाडावर जाऊन उभा राहतो. अशा वेळी जव्हारच्या बाजारात जाहिरातीचा कागद हातात पडला, त्यावर मोठ्या अक्षरात ‘१०० एमबीपीएस’ दिसलं, की माणूस हरखतो. हे आवाहन त्या हरखण्याच्या आणि पैसे भरण्याच्या मधल्या वेळेत वाचावं, एवढीच इच्छा.

आमचं सांगणं थोडक्यात असं: जव्हार-मोखाड्याच्या डोंगरात कंपनी निवडताना वेग सगळ्यात शेवटी बघा. लाईन तुटल्यावर दुरुस्तीला कोण येणार, कुठून येणार, हे आधी विचारा. आणि हा सौदा एकेकट्याने करू नका.

वेगाचं आधी उरकून टाकू. मुलीचा ऑनलाइन तास चालायला चार-पाच एमबीपीएस पुरतात. दोन मुलं शिकणारी आणि संध्याकाळी मोबाइलवर सिनेमा बघणारे आजोबा, एवढ्या घराला तीसचा प्लॅन भरपूर झाला. सरकारी व्याख्येत तर २०२३ पासून दोन एमबीपीएसलाही ब्रॉडबँड म्हणतात. शंभर आणि दोनशेचे आकडे शहरातल्या स्पर्धेसाठी आहेत. आपल्या कामाचा आकडा वेगळा आहे: जुलै महिन्यात लाईन किती दिवस चालू होती?

हा आकडा कंपनी सांगणार नाही. तिचं गिऱ्हाईक सांगेल. म्हणून ज्या कंपनीचा विचार चालला आहे, तिची लाईन जवळच्या ज्या घरात, दुकानात किंवा शाळेत आहे तिथे जा. रात्री आठ-नऊच्या सुमाराला, सगळे जोडलेले असताना, त्यांच्या वायफायवर वेग मोजा. ट्राय म्हणजे दूरसंचार नियामक प्राधिकरण, त्याचं ‘मायस्पीड’ नावाचं फुकट ॲप आहे, त्यावर मोजता येतो. आणि सरळ विचारा, गेल्या पावसाळ्यात लाल लाईट किती वेळा लागली आणि माणूस कितव्या दिवशी आला.

ज्यांच्याकडे फायबर नाही त्यांच्यासाठी या लाल लाईटचं थोडं सांगतो. घरात जो डबा बसवतात त्यावर ‘एलओएस’ असं लिहिलेला दिवा असतो. तो लाल झाला म्हणजे तुमच्यापर्यंत उजेड पोहोचत नाही. तार कुठेतरी तुटली आहे किंवा वाकली आहे. फायबर म्हणजे केसाएवढी काच. आपल्याकडे ती बहुधा डांबावरून, झाडावरून ओढलेली असते. वाऱ्यात फांदी पडते, उन्हाळ्यात वणव्याची झळ लागते, रस्त्याच्या कामावरचा जेसीबी जमिनीतली तार उपटून काढतो. तुटणार, हे गृहीत धरा. तुटलेली काच विजेच्या तारेसारखी पिळून जोडता येत नाही. तिला स्प्लायसिंग मशीन लागतं, आणि ते चालवणारा हात लागतो. म्हणून एजंटाला विचारायचा पहिला प्रश्न हा: तुमचं मशीन जव्हारमध्ये आहे का? की तक्रार गेल्यावर पालघर किंवा नाशिकहून कोणीतरी निघणार? या एका प्रश्नावर अर्धे एजंट गप्प होतील.

दुसरा प्रश्न जरा आतला आहे. जव्हारपर्यंत तुमची मुख्य लाईन कुठल्या बाजूने येते? मनोर-विक्रमगडकडून, की त्र्यंबक-मोखाड्याकडून? दोन्हीकडून येत असेल तर एका बाजूला दरड आली तरी दुसऱ्या बाजूने चालू राहते. एकाच बाजूने येत असेल तर घाटातली एक दरड आख्खा तालुका बंद करते. एजंटाला हे माहीत नसेल, तर ज्याला माहीत आहे त्याच्याशी फोन लावून द्यायला सांगा. त्यात संकोच कसला? पैसे आपले आहेत.

एअरफायबरवालेही येतात. त्यांची तार नसते, घरावर डबा बसवतात आणि तो टॉवरकडून फाइव्ह-जी घेतो. तार नाही म्हणजे तुटायची भीती नाही, हे खरं. पण टॉवर समोर दिसायला हवा, आणि आपले निम्मे पाडे खोऱ्यात आहेत. कंपन्यांना आता आपापल्या रेंजचा नकाशा वेबसाइटवर दाखवावा लागतो. तो बघा, पण नकाशावरचा रंग डोंगराची सावली मोजतोच असं नाही. घरावर डबा धरून चाचणी करून दाखवली, तरच पुढे बोला. टॉवरची वीज गेल्यावर तिथली बॅटरी किती तास चालते, हेही विचारा.

वीज म्हटली की आपलं जुनं रडगाणं. फायबरच्या वाटेत डांबावरच्या डब्यांना वीज लागत नाही, पण घरातल्या डब्याला लागते, आणि ज्या ठिकाणाहून कंपनी लाईन सोडते तिथेही लागते. घरातल्या डब्यासाठी बारा व्होल्टचा छोटा यूपीएस मिळतो, तो घेतला की दोन-चार तास निघतात. पण पलीकडच्या टोकाला इन्व्हर्टर नसेल तर आपला यूपीएस नुसताच दिवा लावून बसतो.

आता पैशाचं. कागदावर ४९९ लिहिलेलं असतं आणि खाली बारीक अक्षरात ‘जीएसटी वेगळा’. १८ टक्के धरले की ते ५८९ होतात. त्यावर डब्याची अनामत, तार ओढण्याचा खर्च, बसवण्याचे पैसे. सगळं मिळून पहिल्या दिवशी किती आणि दर महिन्याला किती, असे दोनच आकडे लिहून मागा. पावती कंपनीच्या नावाची हवी. ‘मी देतो, काळजी करू नका’ म्हणणाऱ्या पोराचा मोबाइल नंबर ही पावती नव्हे. तो पोरगा बहुधा प्रामाणिकच असतो, पण पुढच्या वर्षी तो दुसऱ्या कंपनीत असतो. लायसन्स कोणाच्या नावावर आहे, तेही विचारा. इंटरनेट देणाऱ्याला केंद्राच्या दूरसंचार विभागाचं लायसन्स लागतं. स्थानिक केबलवाला बहुधा त्या लायसन्सवाल्याचा भागीदार असतो. त्यात गैर काही नाही. उलट स्थानिक माणूस दुरुस्तीला लवकर येतो. फक्त तक्रार कोणाकडे करायची ते आधी कळलेलं बरं.

वर्षाचे पैसे एकदम भरा, दोन महिने फुकट, ही योजना आपल्यासाठी नाही. दिवाळीनंतर कित्येक घरांना कुलूप लागतं. भिवंडी, वसई, ठाण्याकडे वीटभट्टीवर आणि बांधकामावर गेलेली माणसं पाऊस तोंडावर आला की परततात. बंद घरातल्या वायफायचे सहा महिन्यांचे पैसे कशाला द्यायचे? महिन्याचाच प्लॅन घ्या, आणि मधले महिने कनेक्शन थांबवून ठेवायची सोय आहे का, ते विचारा. नेटवर हे कोणी लिहीत नाही, कारण लिहिणाऱ्यांची घरं वर्षभर उघडी असतात.

तक्रारीचं एवढं लक्षात ठेवा. फोन केल्यावर तक्रार क्रमांक मागून घ्या. ट्रायच्या २०१२ च्या नियमाप्रमाणे तो द्यावाच लागतो. क्रमांक नसेल तर तक्रार झालीच नाही असं समजा. उत्तर पटलं नाही तर त्याच कंपनीच्या अपील अधिकाऱ्याकडे जाता येतं, आणि त्याला ३९ दिवसांत निकाल द्यावा लागतो. लाईन पंधरा दिवसांहून जास्त बंद राहिली तर महिन्याच्या भाड्याएवढी सूट देण्याची तरतूद ट्रायच्या नियमांत आहे. ती मागावी लागते. मागितल्याशिवाय सहसा कोणी देत नाही. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५. आणि ग्राहक आयोगाची वाटही मोकळी आहे. दूरसंचार कंपनीविरुद्ध तिथे जाता येतं, हे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२२ मध्ये स्पष्ट केलं आहे.

हे सगळं एकट्या घराने विचारलं तर एजंट हसून पुढच्या घरी जाईल. म्हणून पाड्याने मिळून, असं वर म्हटलं. त्याला कारण नुसता एकोपा नाही, तारेचं गणितही आहे. फायबरची एक तार डब्यात फोडून आठ घरांना देता येते. एका घरासाठी दीड-दोन किलोमीटर तार ओढणं कंपनीला परवडत नाही. आठ घरांची नावं एकदम समोर ठेवली तर तिचा हिशोब बदलतो, आणि आपल्या अटी ऐकायला तिला वेळ मिळतो.

शिवाय सरकारी तारेचाही विचार करा. ग्रामपंचायतींपर्यंत फायबर नेण्याची योजना २०११ मध्ये मंजूर झाली, पुढे तिचं नाव भारतनेट झालं, राज्यात दुसऱ्या टप्प्याचं काम महानेट म्हणून झालं. अनेक ग्रामपंचायतींत यंत्र बसलं आणि बंद पडलं. ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्राने १,३९,५७९ कोटींचा सुधारित कार्यक्रम मंजूर केला. त्यात दोन्ही बाजूंनी जोडलेली लाईन आणि गावातल्याच ‘उद्यमी’मार्फत घरोघरी कनेक्शन, अशी कल्पना आहे. आयटीआय झालेल्या, जव्हारला मोबाइल दुरुस्ती करणाऱ्या आपल्या मुला-मुलींनी या उद्यमीच्या कामाची चौकशी जरूर करावी. दुरुस्ती करणारा याच गावात राहत असेल, तर वरच्या निम्म्या प्रश्नांची गरजच उरत नाही.

ज्यांना घरात कनेक्शन परवडत नाही त्यांच्यासाठी पीएम-वाणी आहे. किराणा दुकानदार लायसन्सशिवाय, नोंदणीकृत कंपनीमार्फत, वायफाय थोड्या थोड्या पैशांत विकू शकतो. एखाद्या दुकानदाराने मनावर घ्यावं.

तर विनंती अशी. प्रत्येक पाड्याने इच्छुक घरांची यादी करावी. घरमालकाचं नाव, मोबाइल, आणि वर्षातले कुठले महिने घर बंद असतं, एवढं लिहावं. आधार कार्डाची झेरॉक्स किंवा ओटीपी या यादीसाठी कोणालाही देऊ नये. याद्या १ मेच्या ग्रामसभेत मांडू. आपण पेसा क्षेत्रातले लोक आहोत, ग्रामसभेचा ठराव आपल्याकडे वजनाचा असतो. ग्रामपंचायतीतलं भारतनेटचं यंत्र चालू आहे का, नसेल तर कधीपासून, याची माहिती त्याच ग्रामसभेत ग्रामपंचायत अधिकाऱ्यांकडे मागू. मग ज्या कंपन्यांना यायचं असेल त्यांना एकाच दिवशी बोलवू आणि मशीन कुठे आहे, लाईन कुठून येते, डांबावर कोण चढणार, हे सगळ्यांसमोर विचारू. उत्तरं लिहून घेऊ, खाली त्यांची सही आणि शिक्का घेऊ. मे महिन्यात तार ओढून झाली पाहिजे. एकदा पाऊस लागला की डांब रोवायला कोणी येत नाही.

आपले,
साखरशेत परिसरातील काही ग्रामस्थ