आधी भरा, मग बघू

'आधी बिल भरा, मग बघू.' वीजबिलाची तक्रार घेऊन खिडकीशी गेलेल्या माणसाला महाराष्ट्रात कुठेही ऐकू येणारे हे वाक्य आहे. पोलादपूरच्या डोंगरातल्या वाडीवरून, दिवसाची मजुरी बुडवून एसटीने तालुक्याला आलेल्या माणसाला मात्र त्यातला 'मग' फार महाग पडतो. महावितरणचे राज्यात सुमारे तीन कोटी ग्राहक आहेत. इतक्या बिलांत चुका होणारच आणि त्याबद्दल कुणी फार त्रागा करू नये. माझा आक्षेप आहे तो चूक दुरुस्त होईपर्यंतचा खर्च, वेळ आणि धाक एकट्या ग्राहकाच्या माथी मारण्याच्या रीतीवर. ग्राहकाच्या बाजूला प्रत्येक पायरीवर तारीख आहे. देय दिनांक उलटला की सव्वा टक्का विलंब आकार, नंतर थकबाकीवर व्याज, नंतर पंधरा दिवसांची नोटीस आणि शेवटी खांबावर चढलेला वायरमन. कार्यालयाच्या बाजूला काय, तर अर्जावरचा आवक शिक्का, तोही मागून घेतला तर.

महाड आणि पोलादपूर या दोन तालुक्यांत बिल चुकायला एक खास जागा आहे, ती म्हणजे बंद घरे. इथली कितीतरी कुटुंबे मुंबईत, ठाण्यात पोटापाण्याला आहेत आणि गावचे घर गणपतीला, शिमग्याला, मे महिन्यात उघडते. मीटर आत, कुलूप बाहेर. रीडिंग मिळाले नाही की सरासरीचे बिल निघते आणि सरासरी एकदा चुकली की पुढचे सगळे आकडे तीच चूक पुढे नेतात. चाकरमान्याला हे कळते ते गणपतीत, म्हणजे नेमके कार्यालयाला सुट्टी असताना. ज्याचे घर बारमाही उघडे आहे त्याचीही सुटका नाही, कारण घरगुती दराची रचनाच अशी की रीडिंगचा उशीर थेट पैशांत मोजला जातो. पहिल्या शंभर युनिटांपेक्षा पुढच्या दोनशेंचा दर जवळजवळ दुप्पट आहे. महिन्याला नव्वद युनिट वापरणारे घर तिन्ही महिने पहिल्याच स्लॅबमध्ये बसते. तीन महिन्यांचे रीडिंग एकदम घेऊन २७० युनिट एकाच महिन्याच्या खात्यात टाकले, तर त्यातले १७० युनिट वरच्या दराने लागतात आणि वीज आकार दीडपटीच्याही पुढे जातो. घरगुती ग्राहकाला १६ टक्के वीज शुल्क भरावे लागते, तेही मग या फुगलेल्या रकमेवर. नियमाप्रमाणे युनिट महिन्यांत विभागून स्लॅबचा लाभ द्यायलाच हवा. तो दिला आहे की नाही, हे बिल वाचून ताडणे भल्याभल्यांना जमत नाही.

२०२० च्या उन्हाळ्यात हे सगळ्या राज्याने पाहिले. टाळेबंदीमुळे मार्चअखेरीस मीटर वाचणे थांबले, वीज नियामक आयोगाच्या परवानगीने सरासरी बिले निघाली आणि जूनमध्ये साचलेल्या वापराचे बिल एकदम हाती आले. कंपनीचे म्हणणे असे होते की सरासरी हिवाळ्याच्या कमी वापरावर काढली होती, वापर मात्र एप्रिल-मेचा होता आणि स्लॅबचा लाभ विभागून दिला आहे. गणित म्हणून या खुलाशात तथ्य होते. पण त्याच जूनच्या ३ तारखेला निसर्ग चक्रीवादळ रायगडवर आदळले होते. दक्षिण रायगडातल्या कित्येक गावांत खांब आडवे झाले आणि अनेक दिवस, काही ठिकाणी आठवडे अंधार होता. अंधारात बसलेल्या माणसाच्या हाती तीन महिन्यांचे बिल पडते, तेव्हा त्याला खुलासा पुरत नाही, समोर बसून हिशेब फोडून दाखवणारा माणूस लागतो. तो कुठे होता? ऊर्जामंत्र्यांनी आधी दिवाळीपूर्वी दिलाशाची आशा दाखवली आणि नोव्हेंबरमध्ये, वापरली तेवढी वीज भरावीच लागेल, असे सांगून विषय मिटवला. सवलत देणे न देणे हा सरकारी तिजोरीचा प्रश्न असेल. आपले बिल बरोबर आहे का, या साध्या प्रश्नाचे उत्तर मिळणे तिजोरीवर अवलंबून नाही.

गंमत अशी की कायदा ग्राहकाच्या बाजूने बरेच काही बोलतो. विद्युत कायदा २००३ चे कलम ५६ नोटिशीशिवाय वीज तोडू देत नाही. त्याच कलमाच्या परंतुकानुसार वाद असेल तर मागितलेली रक्कम किंवा मागच्या सहा महिन्यांच्या सरासरीइतकी रक्कम, यांतली जी कमी असेल ती ग्राहकाने निषेध नोंदवून भरली, की वाद मिटेपर्यंत जोडणी तोडता येत नाही. म्हणजे 'आधी सगळे भरा' ही कायद्याची भाषा नव्हेच. केंद्राच्या वीज ग्राहक हक्क नियम २०२० नुसार एका आर्थिक वर्षात दोनपेक्षा अधिक हंगामी, म्हणजे प्रत्यक्ष रीडिंगशिवायची, बिले काढता येत नाहीत. आपत्तीसारखे कारण नसताना ती त्यापुढेही येत राहिली, तर प्रत्यक्ष रीडिंगचे बिल येईपर्यंत ग्राहक पैसे भरण्यास नकार देऊ शकतो. हे परंतुक आणि हा नियम खिडकीशी उभ्या किती जणांना ठाऊक असेल? खिडकीच्या आत बसलेल्यांपैकी कितींना, हाही प्रश्न आहेच.

हक्क माहीत झाला तरी तो बजावायचा कुठे? महाड-पोलादपूर महावितरणच्या पेण मंडलात येतात आणि पेण मंडल भांडुप परिमंडलात. ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंच भांडुपला. म्हणजे हजार-दोन हजारांच्या वादासाठी दीडशे किलोमीटरहून लांब, आणि तेही ज्या महामार्गाचे चौपदरीकरण २०११ पासून संपता संपत नाही त्यावरून. विद्युत लोकपाल त्याच्याही पुढे, मुंबईत. जिल्हा ग्राहक आयोगाकडे जावे तर अलिबाग, तेही शंभरएक किलोमीटर. वास्तविक २०२० च्या त्याच केंद्रीय नियमांत असे मंच उपविभाग, विभाग, मंडल अशा वेगवेगळ्या पातळ्यांवर, ग्राहकाच्या सोयीने असावेत आणि तक्रारीला जास्तीत जास्त ४५ दिवस लागावेत, असे म्हटले आहे. अंतराइतकीच मुदतही एकतर्फी आहे. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांत मंचाकडे गेला नाही तर ग्राहकाचे दार बंद. कंपनीला आपली चूक उशिरा उमगली तर मात्र ती मागाहून वाढीव मागणी करू शकते. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२० मध्ये अजमेर वीज वितरण निगमच्या प्रकरणात हेच सांगितले. कलम ५६ ची दोन वर्षांची मुदत वीज तोडण्याच्या हत्याराला लागू आहे, पैसे वसूल करण्याच्या इतर मार्गांना नाही. निकाल कायद्याच्या शब्दाला धरून असेल, पण त्यातून उभी राहणारी विषमता ग्राहकालाच सोसावी लागते.

कागदावरचा हक्क आणि प्रत्यक्षातला हक्क यांतले अंतर महाडला कुणी शिकवायला नको. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करणारा सदस्य बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळात १९२३ साली झाला, महाड नगरपालिकेने चवदार तळे खुले केल्याचा ठराव १९२४ मध्ये केला, तरी २० मार्च १९२७ ला डॉ. आंबेडकरांना हजारोंसह तळ्यावर जावे लागले आणि त्यानंतरचा दावा उच्च न्यायालयात १९३७ पर्यंत चालला. माणुसकीच्या त्या लढ्याशी वीजबिलाची बरोबरी कुणी करणार नाही, करूही नये. पण ठराव झाला म्हणजे काम झाले, हा संस्थांचा समज किती जुना आहे ते त्या तारखांवरून दिसते.

यावर कंपनीची बाजू पोकळ नाही. थकबाकी आणि वीजचोरी यांनी ती खरोखर बेजार आहे आणि वादग्रस्त म्हटलेले प्रत्येक बिल थांबवले तर उद्या प्रत्येक जण वाद काढील, ही भीतीही समजण्यासारखी आहे. मात्र तिचे उत्तर परंतुकातच आहे. ग्राहक सहा महिन्यांची सरासरी भरतो, कंपनीच्या हाती पैसा येत राहतो, अडकतो तो फक्त वादाचा तुकडा. बुडव्याला या सवलतीत काही मिळत नाही, कारण तो सरासरीही भरत नाही. दुसरा मुद्दा कर्मचाऱ्यांचा. सह्याद्रीच्या उतारावर विखुरलेल्या वाड्या, पावसाळ्यात कोसळणाऱ्या दरडी, हाताशी मोजके वायरमन. जुलै २०२१ मध्ये महाड पुराखाली गेले, तळिये आणि पोलादपूरच्या वाड्यांवर दरडी आल्या, तेव्हा चिखलात उभे राहून तारा ओढणारे हेच लोक होते. त्यांच्यावर राग काढणे अन्यायाचे आहे. खिडकीवरच्या कारकुनालाही बिल थांबवण्याचा अधिकार नसेल तर तो 'मग बघू' याशिवाय बोलणार काय? तिसरा आणि हल्ली सर्वांत आवडता युक्तिवाद म्हणजे मोबाइल ॲप, टोल फ्री क्रमांक आणि नवे स्मार्ट मीटर. स्मार्ट मीटर कुलूपबंद घराचे रीडिंग देईल, हे कबूल, आणि तेवढा त्याचा उपयोग मोठाच आहे. पण आकडा माणसाने टिपलेला असो की यंत्राने पाठवलेला, तो ज्याला पटला नाही त्याने कुणाकडे जायचे, हे मीटर सांगत नाही. ज्या वाडीवर मोबाइलला रेंज यायला टेकाडावर चढावे लागते, तिथे ॲप हा तक्रारीचा एकमेव रस्ता असूच शकत नाही.

मागणी म्हणून पाहिले तर फार मोठे काही लागत नाही. नव्या कायद्याची गरज नाही, आहे तो राबवायचा आहे. लेखी हरकत आली की त्या रकमेवरचा विलंब आकार आणि व्याज आपोआप थांबावे, हा अधिकार उपविभागीय कार्यालयाला असावा, आणि ठरल्या दिवसांत उत्तर न गेल्यास भरपाई अर्ज न मागता पुढच्या बिलात वजा व्हावी. कलम ५६ चे परंतुक बिलाच्या दर्शनी बाजूला, थकबाकीच्या इशाऱ्याइतक्याच ठळक मराठीत छापावे. आणि मंचाने महिन्यातून एक दिवस महाडला बसावे. दोन्ही तालुक्यांचे प्रांत कार्यालय तिथेच आहे आणि एका खोलीची सोय होण्यासारखी आहे. गणपती आणि शिमग्याच्या आठवड्यात, चाकरमानी गावात असताना, एक जादा दिवस ठेवावा आणि त्याची तारीख आधीच्या महिन्याच्या बिलावर छापावी.