मिनिटाचा दर

नव्वदच्या दशकात आमच्या तालुक्याच्या गावी एसटी स्टँडसमोर एक एसटीडी बूथ होता. पिवळी पाटी, काचेचं खोपटं, आत एक उंच स्टूल आणि समोर लाल आकड्यांचं मीटर. रात्री उशिरा दर पाव व्हायचा, म्हणून दिवाळीत साडेदहापासूनच रांग लागायची. शेजारच्या काकू काय काय बोलायचं ते कॅलेंडरच्या फाडलेल्या पानामागे लिहून आणत. लेकीचा डबा पोचला का, जावयाची बदली कुठे झाली, बाळाला अंघोळ कोण घालतं. फोन लागला की त्यांची नजर कागदावर कमी आणि मीटरवर जास्त. आकडा एका ठरावीक रकमेला टेकला की त्या मधेच थांबायच्या, "ठेवते गं" म्हणायच्या आणि बाहेर यायच्या. कागदावरचं निम्मं बोलायचं राहिलेलं असायचं.

ते मीटर आता आपल्या घरांतून गेलं. पाडव्याच्या सकाळी न्यू जर्सीतली नातवंडं व्हिडिओवर येतात, फोन चकलीच्या डब्याला टेकवून ठेवलेला असतो आणि घड्याळाकडे कुणी बघत नाही. पण त्याच अमेरिकेत एका जागी ते मीटर अजून चालू आहे. ती जागा म्हणजे तुरुंग. या वर्षीच्या संपादकीयाचा विषय सांगितला तेव्हा संपादक मंडळात थोडी शांतता पसरली. सणाच्या अंकाचं पहिलं पान तुरुंगाला द्यायचं का, असा प्रश्न आला. माझं उत्तर एवढंच होतं की घरच्यांशी बोलावंसं सगळ्यात जास्त वाटतं ते सणाच्याच दिवशी, आणि तुरुंगातही दिवस उगवतो तो तोच.

मार्था राइट या वॉशिंग्टनमधल्या एका निवृत्त नर्सचं नाव आपल्याकडे फारसं कुणाला माहीत नसेल. त्यांचा नातू तुरुंगात होता. शहरासाठी असलेला लॉर्टनचा तुरुंग बंद पडत गेला आणि २००१ साली कायमचा मिटला; तिथले कैदी शेकडो मैल दूरच्या राज्यांत पाठवले गेले. आजीची दृष्टी गेलेली, म्हणून पत्र लिहिता-वाचता येत नव्हतं. वय झालेलं, त्यामुळे प्रवास होत नव्हता. उरला फोन. पेन्शनमधून फोनचं बिल भरायचं की औषधं आणायची, हा हिशेब त्या दर महिन्याला करायच्या. २००० साली त्यांनी इतर काही कुटुंबांबरोबर खासगी तुरुंग चालवणारी कंपनी आणि टेलिफोन कंपन्या यांच्यावर दावा लावला. कोर्टाने प्रकरण दूरसंचार आयोगाकडे पाठवलं. २००३ मध्ये त्यांनी आयोगाकडे अर्ज केला. आंतरराज्य कॉलच्या दराला पहिली मर्यादा घातली गेली ती २०१३ मध्ये, म्हणजे अर्ज दहा वर्षं पडून राहिल्यावर. तेव्हा आयोगानेच सांगितलं की पंधरा मिनिटांच्या एका कॉलला काही ठिकाणी १७ डॉलरपर्यंत मोजावे लागत होते. मार्थाबाई जानेवारी २०१५ मध्ये गेल्या.

हा दर इतका चढला कसा, ते समजून घेण्यासारखं आहे. तुरुंगातल्या माणसाला कंपनी निवडता येत नाही, त्याच्या आईलाही नाही. निवडतो तो काउंटीचा, म्हणजे जिल्ह्याचा, तुरुंग चालवणारा शेरिफ किंवा राज्याचं कारागृह खातं. एरवी टेंडर त्याला मिळतं जो कमी भावात काम करतो. इथे वर्षानुवर्षं टेंडर मिळत आलं ते जास्तीत जास्त कमिशन देणाऱ्याला. कमिशन वाढवायचं तर दर वाढवायचा, आणि दर भरणारा माणूस टेबलावर हजरच नसतो. न्यूयॉर्क राज्यात एमसीआय कंपनी कमाईच्या साडेसत्तावन्न टक्के रक्कम राज्याला देत असे. कुटुंबांनी अनेक वर्षं आंदोलन केलं, तेव्हा २००७ मध्ये गव्हर्नर स्पिट्झर यांनी ते कमिशन सोडून दिलं. एमसीआय, एटी अँड टी यांच्यासारख्या मोठ्या कंपन्या पुढे या धंद्यातून बाजूला झाल्या. त्यांची जागा मुख्यतः दोघींनी घेतली. एक ग्लोबल टेल लिंक, जिने २०२२ मध्ये वायापाथ हे नाव घेतलं, आणि दुसरी सेक्युरस.

भरतं कोण? एला बेकर सेंटरने इतर संस्थांबरोबर केलेल्या २०१५ च्या पाहणीत तीनपैकी एक कुटुंब फोन आणि भेटींच्या खर्चापायी कर्जात गेलेलं आढळलं. हा खर्च ज्यांच्या अंगावर पडत होता त्यांत ८७ टक्के स्त्रिया होत्या. आया, बायका, बहिणी, आज्या.

आणि त्या कशाचे पैसे भरतात, इथे माझा खरा मुद्दा आहे. अमेरिकेतल्या तुरुंगातून आलेला फोन उचलला की आधी माणसाचा आवाज येत नाही. यंत्र बोलतं. हा फोन तुरुंगातून आहे, तो ध्वनिमुद्रित होत आहे, ऐकला जाऊ शकतो, मान्य असेल तर अमुक बटण दाबा. आई बटण दाबते, कारण न दाबलं तर लेक भेटत नाही. मग जे बोललं जातं ते साठवलं जातं, शोधता येतं, पोलिसांना पुरवता येतं. या सगळ्या यंत्रणेचा खर्च त्या मिनिटाच्या दरात धरलेला असतो. ज्याच्यावर पाळत ठेवायची, त्या पाळतीची किंमत त्याच्याच आईकडून वसूल करायची, असा हा व्यवहार आहे. मी पुष्कळ प्रकारचे ठेके पाहिले आहेत. याहून निर्दय ठेका माझ्या पाहण्यात नाही.

२०१५ मध्ये कुणा अनामिकाने सेक्युरसकडच्या सात कोटींहून जास्त कॉलच्या नोंदी 'द इंटरसेप्ट'च्या पत्रकारांकडे पोचवल्या. त्यांत किमान चौदा हजार कॉल कैद्यांनी वकिलांना केलेले निघाले. वकील आणि अशील यांच्यातलं बोलणं गुप्त असतं हे कायद्याचं पहिल्या वर्षाचा विद्यार्थीही सांगेल. २०१९ मध्ये बाहेर आलं की न्यूयॉर्कसह अनेक राज्यांत कैद्यांकडून ठरावीक वाक्यं वदवून त्यांच्या आवाजाचे ठसे घेतले जात होते. नकार दिला तर फोनची सवलत जाण्याची भीती. पलीकडून बोलणारी आई किंवा बहीण, जिच्यावर कुठलाच आरोप नाही, तिचा आवाजही या यंत्रणेच्या कक्षेत येत होता.

ही पाळत तुरुंगाच्या भिंतीशी थांबत नाही. मे २०१८ मध्ये उघडकीस आलं की सेक्युरस पोलिसांना आणखी एक सेवा देत होती: देशातल्या जवळपास कुठल्याही मोबाइलचं ठिकाण काही सेकंदांत दाखवायचं. वॉरंट किंवा तसला कागद अपलोड करावा लागे, पण तो कागद कुणी वाचत नसे. मिसुरीतल्या एका शेरिफने ही सेवा वापरून एका न्यायाधीशाचा आणि महामार्ग पोलिसांच्या अधिकाऱ्यांचा माग काढला. त्याला सहा महिन्यांची शिक्षा झाली. ही माहिती मुळात आली होती ती मोठ्या मोबाइल कंपन्यांकडून, दलालांच्या हातून. २०२४ मध्ये दूरसंचार आयोगाने टी-मोबाइल, स्प्रिंट, एटी अँड टी आणि व्हेरायझन यांना मिळून जवळपास वीस कोटी डॉलरचा दंड केला. कंपन्या कोर्टात गेल्या. एटी अँड टीचा दंड एप्रिल २०२५ मध्ये अपील कोर्टाने रद्द केला. व्हेरायझन आणि टी-मोबाइलचे दंड दुसऱ्या कोर्टांनी कायम ठेवले.

टेलिफोन कंपन्यांच्या पोटातली पाळत याहून जुनी आहे. ती उघड करणारे मार्क क्लाइन मार्च २०२५ मध्ये गेले. सॅन फ्रान्सिस्कोच्या ६११ फॉल्सम स्ट्रीटवरच्या इमारतीत ते एटी अँड टीचे तंत्रज्ञ होते. तिथल्या, सरकारी हेरखात्यासाठी राखलेल्या ६४१-ए क्रमांकाच्या खोलीत त्यांना जायची परवानगी नव्हती, पण त्या खोलीकडे जाणाऱ्या तारांची जोडणी त्यांच्या रोजच्या कामातली होती. काचतंतूतून जाणारा प्रकाश एका पेटीत दुभंगत होता. एक भाग ग्राहकाच्या कामाला पुढे जायचा, दुसरा हुबेहूब भाग खालच्या त्या खोलीत. निवृत्तीनंतर, जानेवारी २००६ मध्ये, ते या जोडणीचे कागद घेऊन एका नागरी हक्क संस्थेच्या दारात जाऊन उभे राहिले. कंपनीवर खटला झाला. २००८ मध्ये काँग्रेसने कायदा करून टेलिफोन कंपन्यांना अशा खटल्यांतून मागील तारखेने संरक्षण दिलं.

आता विरोधाबद्दल. या विषयात 'जहाल' हा शब्द फार लवकर वापरला जातो. डिसेंबर २०१० मध्ये जॉर्जिया राज्यातल्या अनेक तुरुंगांतल्या कैद्यांनी एकाच दिवशी कोठडीबाहेर कामाला जायला नकार दिला. काळे, गोरे, लॅटिनो, एरवी एकमेकांपासून तुटलेले, त्या दिवशी एकत्र होते. कामाचा मोबदला, शिक्षण आणि बरं जेवण यांच्याबरोबर त्यांची एक मागणी अशी होती की फोनचे अवाच्या सवा दर आणि भेटींवरचे अडथळे यांनी आम्हाला घरच्यांपासून तोडू नका. हा संप जुळवला गेला तो चोरून आत आणलेल्या मोबाइलवरून, लिखित निरोपांनी. महागड्या अधिकृत फोनच्या विरोधातला आवाज अनधिकृत फोनवरून बाहेर पडला. आज तुरुंगाच्या फोनचा ठेका घेणाऱ्या कंपन्या असे मोबाइल अडवणारी यंत्रणाही विकतात.

तुरुंगाबाहेरच्यांनी वेगळ्या वाटा धरल्या. 'वर्थ राइजेस' या संस्थेने पैशाचा माग काढला. सेक्युरस २०१७ मध्ये ज्या गुंतवणूक कंपनीने विकत घेतली, तिचे मालक टॉम गोरेस हे लॉस एंजेलिसच्या मोठ्या कलासंग्रहालयाचे विश्वस्त होते. कलावंत आणि कार्यकर्ते यांनी सह्यांचं पत्र दिलं आणि ऑक्टोबर २०२० मध्ये गोरेस यांना ते पद सोडावं लागलं. दर थोडे कमी करा, एवढ्यावर ही माणसं थांबली नाहीत. आईशी बोलायला पैसे लागताच कामा नयेत, असं त्यांनी मागितलं. हे मागणं वेड्याचं ठरवलं गेलं होतं. तरी न्यूयॉर्क शहराच्या तुरुंगांत २०१९ मध्ये कॉल मोफत झाले. २०२१ मध्ये कनेक्टिकटने राज्यभरासाठी तसा कायदा केला, मग कॅलिफोर्निया, मिनेसोटा, कोलोरॅडो, मॅसॅच्युसेट्स यांनी.

युरोपात काही गट याच रागातून टेलिफोन कंपन्यांचे टॉवर आणि गाड्या जाळतात आणि मागाहून पत्रकं काढतात. त्यांच्या रागाचं कारण मला कळतं, कृती मान्य नाही. टॉवर जळला की कंपनीला विमा मिळतो, आणि त्या टॉवरखाली राहणाऱ्या एखाद्या मार्थाबाईंचा फोन मुका होतो. ज्यांच्यासाठी लढायचं त्यांचीच तार तोडणाऱ्या लढ्याला मी मुळाशी जाणारा लढा म्हणणार नाही. संपावर बसलेले कैदी आणि दहा वर्षं अर्जाचा पाठपुरावा करणारी अंध आजी मला त्याहून कितीतरी जहाल वाटतात.

आपल्या दारातही हा विषय येऊन उभा आहे. येरवडा मध्यवर्ती कारागृहात २०२३ मध्ये स्मार्ट कार्डवर चालणारे फोन आले, देशभर ई-मुलाकात, म्हणजे व्हिडिओवरची भेटही सुरू झालेली आहे. ही चांगली गोष्ट आहे आणि ती वाढली पाहिजे. आपल्याकडच्या चार कैद्यांपैकी तीन कच्चे कैदी आहेत, म्हणजे ज्यांचा गुन्हा अजून शाबित झालेला नाही असे. पण अमेरिकेतही सुरुवात सोयीच्या नावानेच झाली होती. तिकडे अनेक काउंट्यांत व्हिडिओ भेट आली आणि समोरासमोरची भेट बंद झाली. सेक्युरसच्या करारांत तसं कलमच असायचं, ते कंपनीने २०१५ मध्ये टीका झाल्यावर काढलं. फोन कुठली कंपनी चालवते, मिनिटाला किती घेते, ध्वनिमुद्रण कुणाकडे आणि किती दिवस राहतं, वकिलाचा कॉल त्यातून वगळला जातो का, हे प्रश्न करारावर सही होण्याआधी विचारायचे असतात. खासगीपणाच्या हक्कात टेलिफोनवरचं बोलणं येतं, असं आपल्या सर्वोच्च न्यायालयाने पीयूसीएल या नागरी हक्क संघटनेच्या खटल्यात १९९६ सालीच म्हटलं आहे.

तिकडे अमेरिकेत मार्थाबाईंच्या नावाचा कायदा जानेवारी २०२३ मध्ये झाला. त्याच्या आधारे आयोगाने जुलै २०२४ मध्ये राज्यांच्या आणि संघराज्याच्या तुरुंगांसाठी मिनिटाला सहा सेंटची मर्यादा ठरवली, कमिशनवर बंदी घातली आणि पाळतीचा बहुतेक खर्च कुटुंबांच्या बिलात धरायला मनाई केली. शेरिफ आणि कंपन्या यांनी ओरड केली. आर्कान्सातल्या एका काउंटीच्या शेरिफने तर कैद्यांचे फोनच बंद करून टाकले. जून २०२५ च्या अखेरीस आयोगाने अंमलबजावणीची मुदत १ एप्रिल २०२७ पर्यंत पुढे ढकलली.

हा अंक दरवर्षी अमेरिकेतल्या बऱ्याच मराठी घरांत जातो. त्या वाचकांना एक विनंती आहे. तुम्ही राहता त्या काउंटीच्या तुरुंगाचा फोनचा करार हा सार्वजनिक कागद असतो आणि शेरिफ बहुतेक ठिकाणी मतांवर निवडून येतो. दिवाळीचे फोन करून झाले की तो करार मागवा. मिनिटाचा दर कोणत्या कलमात लिहिला आहे आणि कमिशन कोणत्या, ते वाचा आणि आम्हाला कळवा. येतील ती पत्रं आम्ही छापू.