घड्याळे पाहावी जमवून

घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून, असे वाडवडील सांगून गेले. त्यांच्या यादीत मी स्वानुभवाने एक भर घालतो: घड्याळे पाहावी जमवून. पहिल्या दोहोंइतका खर्च यात येत नाही. पण आपले शहाणपण किती पाण्यात आहे, ते मात्र तितकेच चांगले कळते.

या विषयाला निमित्त झाला आमच्या शेजाऱ्यांचा मुलगा. आमच्या मुलुंडच्या इमारतीतच लहानाचा मोठा झाला. नुकता नोकरीला लागला आहे. गणपतीत आरतीला आला तो प्रसाद हातात घेऊन माझ्या टेबलाशी रेंगाळला. मग जरा चाचरत म्हणाला, "काका, मलाही तुमच्यासारखी जुनी घड्याळं जमवायची आहेत. पण महिन्याला हजार रुपयांपलीकडे झेपणार नाही. जमेल का?"

मी तोंड उघडण्यापूर्वीच स्वयंपाकघरातून उत्तर आले. "न जमायला काय झालं? ह्यांनी पाचशेत सुरुवात केली होती. आता कपाटात माझ्या साड्यांना जागा उरली नाही!"

वाचकहो, ही शुद्ध अतिशयोक्ती आहे. माझी घड्याळे सारी मिळून अकरा, आणि ती बिस्किटांच्या एका पत्र्याच्या डब्यात सुखाने नांदतात. पण त्या मुलाचा प्रश्न खरा होता. घड्याळे जमवायची म्हटली की लोकांच्या डोळ्यांपुढे लाखांची स्विस घड्याळे येतात. पगारदार माणसाने या वाटेला जावे का, आणि जावे तर कसे, हे त्या संध्याकाळी त्याला जे तोंडी सांगितले तेच आज जरा सविस्तर सांगतो.

पहिली गोष्ट अशी की, पहिले घड्याळ विकत घेऊ नये. ते बहुधा आपल्या घरातच असते. आजोबांच्या ट्रंकेत, आईच्या कपाटातल्या चोरकप्प्यात, नाहीतर देवघराच्या खणात, वातींच्या पुडीशेजारी. माझे तसेच होते. ते होते माझ्या वडिलांचे, एच.एम.टी. जनता.

आजच्या मुलांना त्या नावाचे अप्रूप कळायचे नाही. १९६१ साली जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने बंगळूरला एच.एम.टी.चा घड्याळांचा कारखाना निघाला. त्यापूर्वी मनगटी घड्याळ म्हणजे बहुतेक स्विस, आणि म्हणून बहुतेकांच्या आवाक्याबाहेरचे. एच.एम.टी.ने ते शिक्षकाच्या, कारकुनाच्या, कामगाराच्या हातावर आणले. पुढे मागणी इतकी वाढली, की घड्याळासाठी थांबावे लागे, ओळखी काढाव्या लागत. लग्नात जावयाला एच.एम.टी. दिले म्हणजे मुलीच्या बापाची मान ताठ होई. माझे वडील भांडुपच्या एका कारखान्यात फिटर होते. त्यांनी १९६७ साली स्वतःच्या पैशाने जनता घेतले. रोज रात्री जेवण झाले की हात पुसून ते त्याला किल्ली देत, आणि घड्याळ देवापुढे ठेवून मग अंथरुणावर पाठ टेकत. हा नेम त्यांनी ४१ वर्षे पाळला.

२००८ साली वडील गेले. वर्षभराने ते घड्याळ माझ्या हाती आले, तेव्हा ते बंद होते. काच धुरकट झालेली, तबकडी पिवळी पडलेली, सहाच्या आकड्याजवळ बोटाच्या पेराएवढा तपकिरी डाग. मला वाटले, वडिलांच्या वस्तूची ही काय दशा! आईला आश्चर्याचा धक्का द्यावा म्हणून मी ते गुपचूप एका दुकानात दिले आणि फर्मावले, "अगदी नव्यासारखं करून द्या." दुकानदाराचा काही दोष नाही, त्याने सांगितले तसे केले. आठ दिवसांनी घड्याळ हाती आले ते नवरदेवासारखे. पांढरीशुभ्र तबकडी, ठसठशीत काळे आकडे, चकचकीत कडा. खर्च साडेसहाशे रुपये.

पाडव्याच्या सकाळी मी ते आईच्या हातात ठेवले. तिने उलटसुलट करून पाहिले, पदराने पुसले, पुन्हा पाहिले आणि म्हणाली, "छान आहे. कुणाचं रे हे?"

"कुणाचं म्हणजे? बाबांचंच."

"मग सहापाशी डाग होता तो कुठे गेला?"

मी मोठ्या अभिमानाने सांगितले की, तो काढून टाकला. आई काही वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "तू झालास त्या दिवशीचा डाग होता तो. मी परळला माहेरी होते. तिथल्या सुइणीघरी तू झाल्याचा निरोप ह्यांना कारखान्यात मिळाला. पाऊस मी म्हणत होता. गाडी कुर्ल्याला बसली, रुळांवर पाणी. हे उतरले आणि कमरेएवढ्या पाण्यातून चालत निघाले ते थेट परळला आले. हातातलं घड्याळ पाण्यात गेलं ते त्यांच्या लक्षातही आलं नाही. पुढे घड्याळवाला कितीदा म्हणाला, तबकडी बदलून देतो. ह्यांनी बदलू दिली नाही."

१९६८ सालच्या जुलैतला तो पाऊस वडिलांनी चाळीस वर्षे मनगटावर बाळगला होता, आणि मी तो साडेसहाशे रुपये मोजून पुसून आलो होतो. जनता घड्याळ बाजारात आजही मिळते. तो डाग मात्र कुठल्याच बाजारात मिळायचा नाही.

माझ्या या छंदाची खरी सुरुवात तिथे झाली. अक्कल गहाण पडली होती, ती सोडवायला निघालो म्हणा ना! तबकड्या रंगवतात तरी कशा, हे पाहायला एका शुक्रवारी पहाटेची गाडी पकडून सँडहर्स्ट रोडला उतरलो आणि चोरबाजारात गेलो. तिथे कळले, की माझ्या वडिलांच्या घड्याळाचे जे झाले, तो आपल्या मुंबईतला मोठा धंदाच आहे. जुनी तबकडी घासायची, नवा रंग चढवायचा आणि वर हवे ते नाव छापायचे. निळ्या, लाल, पोपटी तबकड्या, मूळ कारखान्याने जन्मात केल्या नसतील अशा! परदेशी शौकिनांत तर अशा घड्याळांना 'मुंबई स्पेशल' असे टोपणनाव पडले आहे. आपल्या गावाचे नाव असे निघावे, याचे वाईट वाटते खरे. पण त्यामागची कारागिरी आणि पोटाची निकड पाहिली म्हणजे रागही धरवत नाही.

स्विस घड्याळांशीही मुंबईचे नाते जुने. फाव्र-ल्यूबा कंपनी हिंदुस्थानात आली १८६५ साली, आणि वेस्ट एंड वॉच कंपनी हे नाव तर मुंबईत १८८६ पासूनचे. म्हणूनच या नावांची घड्याळे आपल्याकडे अजून निघतात, आणि म्हणूनच ती सर्वांत जास्त रंगवली जातात. त्यांच्याइतकीच रंगवली जाते एच.एम.टी.ची काळ्या तबकडीची 'पायलट'.

तेव्हा कमी पैशात जमवणाऱ्याने पैशाआधी डोळे खर्च करावेत. एक साधे भिंग घ्यावे. तबकडीवरची अक्षरे जाड किंवा पसरट दिसली, मिनिटांच्या रेघा कुठे दाट कुठे विरळ वाटल्या, छोट्या अक्षरांची शाई फुटलेली दिसली, की समजावे, रंगरंगोटी झाली आहे. पन्नास वर्षांच्या घड्याळाची तबकडी कालच्यासारखी पांढरी असेल, तर तिच्यावर संशय घ्यावा. दुकानदाराला मागचे झाकण उघडून दाखवायला सांगावे. वर एक नाव आणि आत भलत्याच कंपनीचे यंत्र, असेही निघते. झाकण उघडायला जो नाही म्हणेल, त्याला रामराम करून पुढे जावे.

मग घड्याळ कानाशी धरावे. जनतासारखे घड्याळ सेकंदाला पाच ठोके देते. ते एका लयीत यायला हवेत. तबकडीवर सतरा ज्युवेल लिहिलेले असते, त्याचा अर्थ दागिन्याशी नाही. चाकांचे आस झिजू नयेत म्हणून त्यांना कृत्रिम माणकांची बैठक दिलेली असते. आणि दिवसाला मिनिटभर मागेपुढे झाले, तर या वयात तेवढे चालायचेच. आपण तरी कुठे वेळेवर असतो?

किमतीचा हिशेब करताना साफसफाई आणि तेल-पाण्याचा खर्च आधीच धरावा. मी नऊशे रुपयांना घेतलेल्या एका घड्याळाला दुरुस्ती पडली अकराशे. तेव्हापासून नियम केला, की खिशातल्या पैशांपैकी निम्मेच दुकानात न्यायचे आणि निम्मे घड्याळजीसाठी घरी ठेवायचे. शिवाय एखादा विषय धरावा. मी भारतीय घड्याळे धरली. एच.एम.टी.ची जनता, देवनागरी आकड्यांची एक, एक काळी पायलट (अस्सल!), हैदराबादचे एक ऑलविन, आणि १९८७ साली टायटन बाजारात आले त्या सुमाराचे एक क्वार्ट्झ. बाकीची अशीच. महिन्याला हजारच असतील, तर तीन महिने थांबावे आणि एकच पण धडके घ्यावे. थांबण्यात फुकट मिळते ती पारख.

जमवलेली जपावी कशी, हेही सांगतो. मुंबईच्या पावसाळ्यात डब्यात बुटांच्या खोक्यातल्या त्या दमटपणा शोषणाऱ्या पुड्या टाकाव्यात. लोहचुंबकाच्या झाकणाच्या मोबाईलशेजारी घड्याळ ठेवू नये. ते पिसाळल्यासारखे धावू लागते. क्वार्ट्झ वापरत नसाल तर सेल काढून ठेवावा, नाहीतर तो फुटून आतले यंत्र खातो. किल्लीची घड्याळे मात्र अधूनमधून चालवावीत. नुसते पडून तेल थिजते.

सर्वांत मोठे भांडवल म्हणजे चांगला घड्याळजी. माझे बसतात घाटकोपरला, स्टेशनाजवळच्या एका जिन्याखाली, कपाटाएवढ्या जागेत. वय पंचाहत्तर. त्यांच्या मुलाला या धंद्यात गोडी नाही, आणि ते त्याला दोषही देत नाहीत. एच.एम.टी.ची घड्याळे बंद करण्याचा निर्णय सरकारने जानेवारी २०१६मध्ये घेतला; तेव्हापासून सुटे भाग मिळणे अवघड झाले. म्हणून त्यांच्या खणात मेलेल्या घड्याळांची एक बरणी आहे. एकाचे चाक काढून दुसऱ्याला बसवतात. त्यांना एकदा त्या बरणीत जनताची एक जुनी, डागाळलेली तबकडी सापडली. मी आशेने म्हटले, "काका, ही बाबांच्या घड्याळाला बसवा ना!"

त्यांनी भिंगातून माझ्याकडे पाहिले. "साहेब, हा दुसऱ्या कुणाचा तरी पाऊस आहे. तुमची चूक आहे तीच राहू द्या. तीही आता त्या घड्याळाचीच झाली."

म्हणून ती पांढरी तबकडी अजून तशीच आहे. रोज रात्री जेवण झाले की मी हात पुसून त्या घड्याळाला किल्ली देतो.

आता त्या मुलाचे काय झाले ते सांगून पुरे करतो. दसऱ्याला सोने द्यायला आला, तेव्हा खिशातून रुमालात गुंडाळलेले काहीतरी काढले. कोकणातल्या घरी शोधाशोध करून आजोबांचे घड्याळ आणले होते. पट्टा कुजलेला, काचेला तडा, तबकडी चहाच्या रंगाची.

"पहिलं घड्याळ घरात सापडलं, काका! आता ह्याची तबकडी नवी करून घेऊ का?"

मी काही बोलणार, इतक्यात खाटेवर बसलेल्या आईने हात पुढे केला. आता तिला नीट दिसत नाही. घड्याळ चाचपले, दोन पिळे किल्ली दिली आणि कानाशी नेले.

"चालतंय," ती म्हणाली. "काच तेवढी बदल. बाकी राहू दे तसंच."