ठिपक्यांची गुलामी

आमच्या शाहूवाडीसारख्या डोंगरी तालुक्यातही आता तीन वर्षांच्या पोराच्या हाती ठिपक्यांची वही येते. पोर ठिपके जोडून पान भरते आणि घरचे म्हणतात, 'बाळ लिहू लागला!' साफ खोटे! वही मिटा आणि कोऱ्या पाटीवर 'क' काढायला सांगा. पोर तुमच्या तोंडाकडे बघत राहील.

गिरवण्याशी माझे वैर नाही. धूळपाटीवरही पोरे गिरवीतच. पण गुरुजी समोर अक्षर काढीत. रेघ कुठून निघते, हात कुठे वळतो, हे पोराला दिसे. मग ते पुसून त्याने स्वतः काढायचे. छापील ठिपका चुकलेला हात धरीत नाही.

शाहू महाराजांनी १९१७ साली करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचे केले, ते रयतेच्या पोरांना लिहिता यावे म्हणून. दुसऱ्याच्या रेघेवर रेघ ओढण्यासाठी नव्हे.

अंगणात ठिपक्यांची रांगोळी काढणारी पोर पाहा. ठिपके तीच मांडते, रेघही तीच ठरवते. तेव्हा मायबापहो, या दिवाळीला वही नको, पाटी आणा आणि घटकाभर शेजारी बसा. 'क' वाकडा येईल, येऊ द्या. तो त्याचा असेल!