कडवंचीच्या द्राक्षाला गावाचे नाव का नाही?

वाइनचा विषय निघाला की आपल्याकडे चर्चा हलाल-हरामवर येते आणि तिथेच संपते. जानेवारी २०२२ मध्ये राज्य सरकारने सुपरमार्केटमध्ये वाइन विकायला परवानगी द्यायचे ठरवले, तेव्हाही तेच. सरकार म्हणाले शेतकऱ्यांचे हित, विरोधक म्हणाले संस्कृती.

दारू हराम आहे, त्यावर माझा वाद नाही. (दारू गाळणाऱ्याला द्राक्षे विकावीत का, यावर मात्र फिकहमध्ये जुना मतभेद आहे.) पण आपल्या राज्यातली बहुतेक द्राक्षे वाइनला जातच नाहीत. थॉमसन, सोनाका, माणिक चमन ही खायची नि बेदाण्याची वाणे. मंडईत ती विकणारा पुष्कळदा आपला बागवानच असतो. मग वाइनने शेतकरी तरेल, हे कुठल्या हिशोबाने?

फ्रान्सच्या खेड्यांकडून घ्यायचे ते वेगळेच आहे. तिथे १९३५ पासून सरकारी व्यवस्था आहे: ठरलेल्या शिवारातल्या, ठरलेल्या वाणाच्या द्राक्षांचीच वाइन असेल तर बाटलीवर त्या गावाचे नाव. सेंत एमिलियोंसारखे लहानसे गाव जगाला माहीत झाले, त्यात या नावाचा वाटा मोठा.

आपल्या जालना जिल्ह्यात कडवंची आहे. नव्वदच्या दशकात इंडो-जर्मन पाणलोट कार्यक्रमात, खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्राला सोबत घेऊन, या गावाने माथ्यापासून पायथ्यापर्यंत बांधबंदिस्ती केली. पुढे शेकड्यांनी शेततळी झाली. २०१२ च्या दुष्काळात जिल्ह्यातल्या मोसंबीच्या बागा वाळल्या, कडवंचीची द्राक्षे तगली. जाफराबादला पूर्णा आणि केळना अशा दोन नद्या असून उन्हाळ्यात पाण्याचा घोर असतो, म्हणून हे मुद्दाम सांगतो.

जालन्याच्या मोसंबीला भौगोलिक मानांकन मिळाले. कडवंचीचे द्राक्ष बाजारात नुसते द्राक्षच. कुठले म्हणून विचारा, बहुधा नाशिकचे असे उत्तर येते.

यात एक अडचण आहे, ती लपवू नये. शेततळ्याला जागा लागते, प्लॅस्टिकचा कागद महाग, आणि विहिरीचे पाणी उपसून तळे भरले तर शेजाऱ्याची विहीर आटते. दीड-दोन एकरवाल्याला, आणि गावोगावचे आपले बहुतेक लोक तेवढेच किंवा त्याहून कमी जमीनवाले, हे एकट्याने झेपणारे नाही. त्यांना अनुदान वैयक्तिक न देता पाच-सहा जणांना मिळून एक तळे द्यावे. जाफराबाद तालुक्यात ही मागणी ग्रामसभेत मांडायला कुणाच्या फतव्याची गरज नाही.