गुळाच्या गावातली चिनी गाडी

बाहेर खाण्याच्या बाबतीत आपल्या मध्यमवर्गाचे एक जुने शास्त्र आहे. हॉटेलात आरसे असावेत, टेबलावर काच असावी आणि वेटरच्या खांद्यावरचे फडके बऱ्यापैकी पांढरे असावे, म्हणजे जागा स्वच्छ! माझे शास्त्र नेमके उलटे. जिथे बसायला जागा नाही आणि तरीही माणसे हलत नाहीत, तिथे बेलाशक खावे. तिथे कालचे काही शिल्लकच नसते. आरशांच्या हॉटेलात कालची उसळ आज कोणकोणते अवतार घेते, हे सुज्ञ गृहिणींना सांगायला नको.

या शास्त्राचा ताळा पाहायचा तर पुणे-दौंड लोहमार्गावरच्या केडगावी संध्याकाळच्या गाडीने उतरावे. पंडिता रमाबाईंचे मुक्ती सदन ते हेच केडगाव. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातल्या उपाशी मुली बाईंनी आणल्या आणि १९०० सालापर्यंत तिथे सुमारे दीड हजार माणसे राहू-जेवू लागली होती. शिवारात ऊस, हंगामात गुऱ्हाळांचा गोडसर धूर, आणि थोडे पुढे सोलापूर रस्त्यावर चौफुला, जिथल्या ढोलकीचा विषय घरात वडीलधाऱ्यांसमोर काढत नाहीत. अशा या गुळाच्या मुलखात दिवेलागणीला एक लाल हातगाडी उभी राहते. तीवर ठसठशीत अक्षरांत लिहिले आहे: ‘चायनीज’. शेजारी एक ड्रॅगन रंगवला आहे. रंगाऱ्याने ड्रॅगन पाहिलेला नसावा, पण घोरपड निश्चित पाहिली असावी.

मालक गावातलाच तरुण. कढईपाशी मात्र नेपाळहून आलेला एक किडकिडीत पोरगा. त्याचे काम पाहणे हा निम्मा फराळच आहे. कोबी, गाजर, ढोबळी मिरची दुपारीच बारीक चिरून ठेवलेली. भातही दुपारीच शिजवून परातीत गार केलेला, कारण गरम भात कढईत टाकला की त्याचा गोळा होतो आणि गार भात मोकळा राहतो. कोबीत मैदा अन् कॉर्नफ्लोअर कालवून तळलेले गोळे एका टोपलीत तयार. मग भट्टीचा जाळ असा फर्रकन उठतो की पुढचा माणूस दोन पावले मागे सरकतो. चार वेळा पळी आपटली, कढई सहा वेळा उडाली, की बशी तयार. सगळी मेहनत आधीची असते. आचेवरचे काम मिनिटा-दोन मिनिटांचे. स्वस्ताईचे निम्मे रहस्य इथे आहे. उरलेले निम्मे म्हणजे कोबी.

या पदार्थाला ‘मांचुरियन’ म्हणतात. मांचुरियातल्या माणसाला तो दाखवला तर तो बहुधा नाव विचारील! हा पदार्थ मुंबईचा. कलकत्त्यात जन्मलेल्या नेल्सन वाँग या चिनी वंशाच्या आचाऱ्याने तो १९७५ साली क्रिकेट क्लब ऑफ इंडियात प्रथम केला, असे ते स्वतः सांगत. आले, लसूण, हिरवी मिरची आपलीच; फक्त गरम मसाल्याच्या जागी सोया सॉस. तेव्हा कोंबडी होती, पुढे शाकाहारी मंडळींसाठी तिची जागा कोबीने घेतली. ‘हक्का’ हेही नूडल्सचे नाव नव्हे, माणसांचे. कलकत्त्याच्या टांगऱ्यात कातडी कमावणारा तो चिनी समाज. १९६२ च्या युद्धानंतर याच चिनी वंशाच्या सुमारे तीन हजार माणसांना आपण राजस्थानातल्या देवळीच्या छावणीत नेऊन ठेवले. काहींची कित्येक वर्षे तिथेच गेली. त्यांची नावे आपण विसरलो. नूडल्स मात्र मागून खातो.

आणि त्यांचा उसाशीही संबंध आहे बरे का! अठराव्या शतकाच्या अखेरीस टाँग अचू नावाच्या चिनी गृहस्थाने वॉरन हेस्टिंग्जकडून कलकत्त्याजवळ जमीन मिळवून ऊस लावला, साखरेचा कारखाना काढला. त्या जागेला आजही अचीपूर म्हणतात. हिंदीत साखरेला ‘चीनी’ म्हणतात हे ध्यानात घेतले, तर गुऱ्हाळांच्या गावात ही गाडी उपरी वाटत नाही.

‘पण ते अजिनोमोटो?’ हा प्रश्न आमच्या सौभाग्यवतींनी गाडीसमोरच, मालकाला ऐकू जाईल अशा बेताने केला. १९०८ साली किकुने इकेदा या जपानी रसायनशास्त्रज्ञाने समुद्री वनस्पतीच्या सारातून ही चव वेगळी काढली. १९६८ साली अमेरिकेतल्या एका वैद्यकीय नियतकालिकात एका डॉक्टरांनी पत्र लिहिले, की चिनी हॉटेलात जेवल्यावर मान बधिर होते, आणि जगभर बोभाटा झाला. पुढच्या चाचण्यांत नेहमीच्या प्रमाणात या पुडीवर दोष सिद्ध झाला नाही. भ्यायचेच असेल तर तेलाला भ्यावे. वारंवार तापवलेल्या तेलाविषयी १ जुलै २०१८ पासून सरकारी मर्यादा आहे, पण गाडीवर मापक घेऊन कोण उभा राहणार? तेल काळे दिसले, फेसाळले, आच बेताची असूनही धुरावले, की ‘घरी आमटी केली आहे’ म्हणून निघावे. केडगावच्या गाडीवर ते उन्हात ठेवलेल्या चहासारखे पिवळसर होते. आम्ही थांबलो.

गिऱ्हाईक म्हणाल तर सगळ्या थरांतले. पाठीवर दप्तर असलेली कॉलेजची मुले, बाजार करून निघालेले एक कुटुंब, आणि गुऱ्हाळावर राबणारे परप्रांतीय मजूर. मजूर नेहमी ‘हाफ’ मागतात, दोघांत एक, आणि वरून शेजवान चटणी दोनदा. मालक चटणीला नाही म्हणत नाही. आमची मंडळी शहरात वीस रुपयांच्या भाजीवर फुकट कोथिंबिरीसाठी भांडतात, तरी इथे त्यांनी चटणी मागताना आवाज खाली घेतला, हे मी नोंदवून ठेवले आहे.

खाऊन झाल्यावर त्यांनी कढईवाल्या पोराला विचारले, ‘बाळा, तू रात्री काय जेवतोस?’

‘डाळभात, काकू,’ तो मोडक्या मराठीत म्हणाला. ‘रोज हे बघून बघून पोट भरतं.’

मी भावफलकाकडे पाहत होतो. ‘फुल’च्या आकड्यावर कागद चिकटवून नवा आकडा लिहिलेला, ‘हाफ’चा मात्र जुनाच, रंग उडालेला. मालकाला कारण विचारले.

‘काका, २०२४ ला लसूण चारशे रुपये किलोच्या घरात गेला होता. लसणाशिवाय चटणी कशी व्हायची? मग फुलचा भाव वाढवला.’

‘आणि हाफचा?’

‘हाफवाले रोज येतात, काका. फुलवाले रविवारी.’ त्याने कोबीचा नवा गड्डा फळीवर ठेवला. ‘त्यांना दहा रुपये वाढवले, तर ते वडापाव खाऊन झोपतील. मग मी गाडी कुणासाठी लावू?’

लसूण पुढे उतरला. फुलवरचा कागद त्याने काढलेला नाही. त्याच कागदातून हाफ निघतो, असे त्याचे म्हणणे. सौभाग्यवतींनी पर्स उघडली आणि घरी न्यायला आणखी एक फुल बांधून घेतले.