सूर्यासमोरचे छायाचित्र

भाईंदर पश्चिमेहून उत्तनच्या दिशेने जाताना डोंगरी लागते. पश्चिमेला मोकळा समुद्र असल्याने सुट्टीच्या दिवशी येथे येणारी कुटुंबे सूर्यास्ताच्या वेळी हमखास छायाचित्र काढतात. आजी-आजोबांपासून नातवंडांपर्यंत सारे एका रांगेत उभे राहतात. असा योग वर्षातून एखादाच. घरी आल्यावर दिसते ते असे, की आजोबांच्या चेहऱ्यावर हिरवट ठिपका बसला आहे आणि बाकीच्यांवर पांढुरके धुके पसरले आहे. पुढे कधीतरी हेच छायाचित्र भिंतीवर लागायचे असते, म्हणून हा दोष क्षुल्लक म्हणता येत नाही.

याला लेन्स फ्लेअर म्हणतात आणि त्याचा हिशेब व्यापाऱ्याला चटकन उमगेल असा आहे. काचेच्या प्रत्येक उघड्या पृष्ठभागावरून सुमारे ४ टक्के प्रकाश परत फिरतो. असे २० पृष्ठभाग असतील, तर चक्रवाढीने पलीकडे जेमतेम ४४ टक्के प्रकाश पोहोचेल. उरलेला सगळाच बाहेर जात नाही. त्यातील काही भाग काचांमध्ये फिरून भलत्याच खात्यावर जमा होतो. तोच ठिपका, तेच धुके. १९३५ साली जर्मनीतील झाइस कंपनीत अलेक्झांडर स्माकुला यांनी काचेवर अतिशय पातळ लेप देण्याची पद्धत शोधली आणि ही गळती पुष्कळ घटली. गंमत अशी, की जुन्या डागाळलेल्या भिंगातून नव्यापेक्षा अधिक प्रकाश जातो, हे डेनिस टेलर या इंग्रज तज्ज्ञाच्या त्याआधीच ध्यानात आले होते.

लेप असला तरी समोर सूर्य असता थोडे परावर्तन उरतेच. प्रथम भिंग पुसावे. किनाऱ्यावर खारे तुषार आणि बोटांचे ठसे निम्मा घात करतात. स्वच्छ, मऊ सुती कापड पुरे. कॅमेऱ्यावर केवळ संरक्षणासाठी लावलेली काच असल्यास ती काढावी, कारण तिने आणखी दोन पृष्ठभाग वाढतात. सूर्य चौकटीबाहेर असेल तर भिंगावरची टोपी किंवा हाताची सावली कामी येते. सूर्य चौकटीतच असेल तर तिचा उपयोग नाही. तेव्हा माडाच्या खोडाआड किंवा कोणाच्या खांद्याआड सूर्य झाकावा.

मोबाइलमधील हिरवा ठिपका बहुधा चित्राच्या मध्यबिंदूपलीकडे, सूर्याच्या बरोबर समोर पडतो. सूर्य वर डावीकडे असेल तर ठिपका खाली उजवीकडे. एवढे ठाऊक असले की मोबाइल किंचित हलवून तो चेहऱ्यावरून वाळूवर नेता येतो. तीर्थस्थळी असा ठिपका आला, तर तो दैवी तेज म्हणून नातलगांना धाडला जातो. धाडण्यापूर्वी मोबाइल थोडा फिरवून पाहावा. पडद्यावर सूर्य एकीकडे सरकताच ठिपका दुसरीकडे पळतो. श्रद्धेला अशा पुराव्याची गरजही नसते.

दूरदर्शी भिंगाच्या कॅमेऱ्याच्या काचेच्या खिडकीतून सूर्याकडे पाहू नये. डोळ्याला कायमची इजा होऊ शकते. मुलांच्या हाती असा कॅमेरा देताना हे आधी सांगावे.

सूर्य क्षितिजाच्या दाट हवेत शिरला की त्याचे तेज मंदावते आणि फ्लेअर आपोआप कमी होतो. चौविहार पाळणाऱ्या घरांचे डबे तोवर आवरलेले असतात, त्यामुळे त्या शेवटच्या काही मिनिटांत सर्वांचे हात मोकळे असतात. कुटुंबाची रांग तेव्हाच लावावी.